८०८५ मायक्रोप्रोसेसर शिकायचं जुनं किट भंगारात मिळालं, कुणी ओळखेल का?

गिरणाकाठ | शनिवार, रात्री ९:१०

चाळीसगावात एका भंगारवाल्याकडे कुठल्याशा कॉलेजच्या लॅबचा लिलावातला माल आलाय. ऑसिलोस्कोपचे सांगाडे, मीटर, वायरींचे गुंडाळे. त्यात हा हिरवा बोर्ड होता, किलोच्या भावात उचलला.

फूटभर लांब, पाऊण फूट रुंद. खाली उजवीकडे चोवीस बटणं. सोळांवर ० ते ९ आणि ए ते एफ. उरलेल्या आठांवरची अक्षरं घासली गेलीत, 'नेक्स्ट' आणि 'एक्झेक' एवढंच लागतं. वर सहा लाल डिस्प्ले, चार एकत्र आणि दोन जरा सुटे. मोठ्या आयसी सगळ्या सॉकेटमध्ये. एकीच्या पोटावर गोल काच आहे, आतली चिप डोळ्यांनी दिसते. तिच्या शेजारचं सॉकेट रिकामं. एका कडेला निळी बॅटरी, तिच्याभोवती हिरवट-पांढरी बुरशी. कंपनीचं नाव कुठेच नाही. कोपऱ्यात पांढऱ्या ऑइलपेंटने '२१००' लिहिलंय.

मी मेकॅनिकलवाला. हे कोणाचं, किती सालचं, आणि ५ व्होल्ट दिले तर चालेल का?

---

सोल्डरबाबा | शनिवार, रात्री ९:२२

आधी ते ५ व्होल्ट बाजूला ठेव भाऊ. आत्ताच्या आत्ता त्या काचेवर काळी टेप चिकटव. तो ईप्रॉम आहे. अतिनील प्रकाशाने आतला प्रोग्राम पुसला जातो, काच त्यासाठीच असते. वर स्टिकर असणार, तो भंगारात निघून गेला. इंटेलच्या जुन्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे की थेट उन्हात साधारण आठवड्यात आणि ट्यूबलाइटखाली साधारण तीन वर्षांत पुसला जाऊ शकतो. भंगारवाल्याने बोर्ड पत्र्यावर उघडा टाकला असेल आणि आपल्याकडचं ऊन असेल, तर देवाचं नाव घे.

मग सगळ्या आयसींचे नंबर लिहून टाक. छोट्यांचे पण.

---

केळीवाला_रावेर | शनिवार, रात्री ९:४०

सोनं निघतं म्हणे यातून?

---

सोल्डरबाबा | शनिवार, रात्री ९:४३

पांढऱ्या सिरॅमिकच्या, सोनेरी झाकणाच्या आयसी असतील तर डोळ्यांना दिसण्याइतकं तरी असतं. काळ्या प्लास्टिकवाल्यांतून जेवढं निघेल त्यापेक्षा ॲसिडचा खर्च जास्त. आणि त्या धुराने छाती जाईल ती वेगळी. केळीच बरी.

---

गिरणाकाठ | रविवार, सकाळी ८:०५

टेप लावली. भिंगाने वाचलेलं लिहितो.

सर्वांत मोठ्या तीन, चाळीस पायांच्या: डी८०८५एसी, पी८२७९-५, पी८२५५ए-५. चोवीस पायांच्या: पी८२५३-५, काचवाली २७१६, आणि ६११६. छोट्या: ७४एलएस३७३, ७४एलएस१३८, आणखी तीन-चार ७४ वाल्या. चांदीच्या डबीवर ६.१४४. रिकामं सॉकेटही चोवीस पायांचं, त्याला लागून तीन पिनांचा जंपर. ८२५५ पासून चपट्या केबलचे दोन कनेक्टर निघतात.

छोट्या आयसींवर दुसऱ्या ओळीत ८५३१, ८६०७, ८६१९ असे आकडे आहेत. ६११६ वर मात्र ९१२२.

---

निवृत्त_मायक्रो | रविवार, सकाळी १०:३०

नमस्कार. बरीच वर्षं पॉलिटेक्निकला मायक्रोप्रोसेसरचं प्रॅक्टिकल घेतलं, त्यामुळे वर्णन वाचूनच हात शिवशिवले.

सालापासून सुरू करू. ते चार आकडे म्हणजे वर्ष आणि आठवडा. ८६१९ म्हणजे १९८६ चा १९ वा आठवडा, म्हणजे मे महिना. सर्वांत उशिराची आयसी आल्याशिवाय बोर्ड पुरा होत नाही, म्हणून मे १९८६ च्या आधीचा हा नाही. ६११६ ची ९१२२ मात्र त्यात बसत नाही. ती रॅम आहे, नंतर कुणीतरी बदलली. लॅबमध्ये रॅमच सर्वांत आधी जायची.

डी८०८५एसी हा जपानच्या एनईसीचा. ८०८५ मूळ इंटेलचा, १९७६ चा. त्याच्या आधीच्या ८०८० ला +५, -५ आणि +१२ असे तीन व्होल्टेज लागत. याला ५ वर भागतं, नावातला ५ त्यावरूनच. एनईसी, सीमेन्स, तोशिबा अशा बऱ्याच जणांनी तो बनवला आणि भारतातल्या किटांत जो मिळेल तो बसे. क्रिस्टल ६.१४४ मेगाहर्ट्झचा, आत त्याचे दोन भाग होतात आणि प्रोसेसर ३.०७२ वर चालतो.

आता घराणं. सहा डिस्प्ले, चार पत्त्याचे आणि दोन डेटाचे. चोवीस बटणं, सोळा अधिक आठ. की-बोर्ड आणि डिस्प्ले सांभाळायला ८२७९. ही इंटेलच्या एसडीके-८५ या शिकाऊ किटची ठेवण आहे. आपल्याकडच्या बऱ्याच ८०८५ किटांत तिची छाया दिसते. मुंबईच्या डायनालॉगची, दिल्लीच्या विनिटिक्सची, बंगळूरच्या ईएसएची किटं कॉलेजांतून असत. पण त्यांच्यावर नाव ठळक असतं. याच्यावर नाही, म्हणून मला हा विकतचा वाटत नाही.

घासलेली बटणं बहुतेक अशी असतील: रिसेट, व्हेक्ट इंटर, सिंगल स्टेप, गो, सब्स्ट मेम, एक्झाम रेज. जुळतात का बघा.

'२१००' चं मात्र काही सांगता येत नाही.

---

तापीपार | रविवार, सकाळी १०:५२

२१०० म्हणजे डेड स्टॉक रजिस्टरचा नंबर असणार. आमच्या कॉलेजात स्टुलांवरही नंबर टाकायचे.

---

अमळनेरी | रविवार, सकाळी ११:१५

हाई तं आम्हना लॅबमा व्हतं भाऊ! एक किट आणि भोवती आठ पोरे. बटण एकच दाबणार, बाकीचे जर्नल भरणार.

---

पुण्यातला_खान्देशी | रविवार, दुपारी १२:०२

एसडीके-८५ माझ्या माहितीत आहे, त्यावर तर ८१५५ (रॅम) आणि ८३५५ (रॉम) असतात. इथे दोन्ही नाहीत. मग घराणं कसं जुळवलंत?

---

निवृत्त_मायक्रो | रविवार, दुपारी १:१०

प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तरातच या बोर्डाची गंमत आहे.

८०८५ च्या पत्त्याच्या खालच्या आठ वायरी आणि डेटाच्या आठ वायरी एकच. आधी त्यांवर पत्ता येतो, मग त्याच वायरींवर डेटा. पत्ता होता तेव्हा तो धरून ठेवायला कुणीतरी लागतं. ८१५५ आणि ८३५५ मध्ये ही धरून ठेवायची सोय आतच होती. त्यामुळे मूळ एसडीके-८५ मोजक्या आयसींत होत असे. पण ८३५५ ही कारखान्यातच प्रोग्राम घालून येणारी रॉम. दहा-वीस बोर्ड करणाऱ्याला ती कोण बनवून देणार? तिची पुसता येणारी बहीण ८७५५ होती, पण खिशाला जड. म्हणून इथे साधी २७१६, साधी ६११६ आणि पत्ता धरायला ७४एलएस३७३. बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंत तोच संसार बसवलेला.

८२५३ बघून तर मी खुर्चीतून उठले. एसडीके-८५ मध्ये सिंगल स्टेप ८१५५ च्या आतल्या टायमरवर चालतं. एक सूचना झाली की टायमर ट्रॅप इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला मध्येच थांबवणारा इशारा, देतो आणि ताबा परत मॉनिटरकडे, म्हणजे किट चालवणाऱ्या रॉममधल्या मूळ प्रोग्रामकडे, येतो. इथे ८१५५ नाही, म्हणजे तो टायमर दुसरीकडून आणावा लागणार. ८२५३ त्यासाठीच असेल असा माझा अंदाज.

गिरणाकाठ, मल्टिमीटरवर आवाज करणारी सेटिंग असेल ना? सगळ्या आयसी सॉकेटमध्येच राहू द्या आणि सांगते ते जोड तपासा. ८२७९ ची पिन ४ आणि ८०८५ ची पिन ९. ८०८५ च्या पिन ६ पासून ८२५३ च्या १०, १३ आणि १७ पर्यंत, कुठे वाजतं ते. मग ७४एलएस१३८ च्या पिन १५ आणि २७१६ ची १८. १३८ ची १२ आणि ८२७९ ची २२. १३८ ची ११ आणि ६११६ ची १८.

---

गिरणाकाठ | रविवार, संध्याकाळी ७:४५

मॅडम, ८२७९ ची ४ आणि ८०८५ ची ९ वाजते. ८०८५ ची ६ ही ८२५३ च्या १० वर. १३८ चे तिन्ही जोड तुम्ही लिहिले तसेच. बटणांची नावंही जुळतात, 'सब्स्ट'मधलं अर्धं अक्षर भिंगाखाली दिसलं.

याचा अर्थ काय?

---

निवृत्त_मायक्रो | रविवार, रात्री ८:२०

अर्थ असा की नकाशा सापडला. १३८ हा आठ दारांचा पहारेकरी समजा, प्रत्येक दारामागे २ के जागा. पहिलं दार ०००० ते ०७एफएफ (पत्ते सोळाच्या पद्धतीत, ९ नंतर ए ते एफ), तिथे मॉनिटरची २७१६. चौथं १८०० पासून, तिथे ८२७९. पाचवं २००० ते २७एफएफ, तिथे रॅम. हा एसडीके-८५ चाच पत्त्यांचा नकाशा. की-बोर्ड आरएसटी ५.५ या इंटरप्टवर आणि टायमर ट्रॅपवर, तेही तिथलंच. पार्टस् बदलले, आराखडा ठेवला. हे ज्याने केलं त्याने मूळ पुस्तिका नुसती चाळलेली नव्हती.

---

सोल्डरबाबा | रविवार, रात्री ८:४१

मॅडम, दंडवत.

गिरणाकाठ, आता बॅटरी. ती निकेल-कॅडमियम, ३.६ व्होल्टची. गळलंय ते अल्कली आहे, ट्रॅक खाऊन टाकतं. हातमोजे घाल, कॅडमियम विषारी असतं. बॅटरी कापून काढ, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नकोस. कापसाने पांढरं व्हिनेगर लाव, जुन्या टूथब्रशने घास, पाण्याचा हलका हात आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. खाली तांबं काळं पडलेलं दिसलं तर तिथला ट्रॅक वाजतो का बघ. बॅटरीवाचून किट चालतं.

---

तापीपार | रविवार, रात्री ८:५५

ती बॅटरी कशासाठी असते? प्रोसेसरला तर वरून ५ व्होल्ट मिळतातच.

---

अमळनेरी | रविवार, रात्री ९:३०

लोडशेडिंगसाठी!! आमच्या वेळच्या किटाला बॅटरी नव्हती. पन्नास-साठ बाइट एकेक करून भरायचे, प्रत्येकानंतर नेक्स्ट, शेवटचा बाइट भरला आणि एक्झेक दाबणार तोच लाइट जायची. रॅम कोरी. सर म्हणायचे 'पुन्हा भरा, पाठ होईल.' झालं पण पाठ, प्रत्येक आदेशाचा कोड. ३ई म्हणजे एमव्हीआय ए, ३२ म्हणजे एसटीए, ७६ म्हणजे एचएलटी. आधार नंबर आठवत नाही पण हे आठवतं.

---

निवृत्त_मायक्रो | रविवार, रात्री ९:४८

अगदी तसंच. बॅटरी फक्त रॅमला जिवंत ठेवते. त्या काळात आमच्याकडे प्रॅक्टिकलची वेळ भारनियमनाच्या वेळापत्रकाकडे बघून ठरायची, हे आजच्या मुलांना खरं वाटत नाही.

---

सोल्डरबाबा | सोमवार, दुपारी ३:१०

गिरणाकाठ, जळगावला गोलाणी मार्केटात ये एखाद दिवस. माझ्याकडे यूएसबीवाला प्रोग्रामर, म्हणजे ईप्रॉम वाचायचं यंत्र, आहे. बोर्डाला वीज द्यायच्या आधी २७१६ वाचून घेऊ. एकदा फाइल हाताशी असली की पुढे काही जळलं तरी रडायला नको.

---

एंड_सेम | सोमवार, दुपारी ४:३०

मी जळगावला थर्ड इयरला आहे. आम्हालाही ८०८५ होता, पण सिम्युलेटरवर. कॉम्प्युटरच्या जुन्या एसएमपीएसची लाल वायर ५ व्होल्टची असते, ती वापरली तर?

---

सोल्डरबाबा | सोमवार, दुपारी ४:४४

नको रे बाबा. तो एसएमपीएस ५ व्होल्टवर वीस अँपिअर देऊ शकतो. बोर्डावर एखादा टँटलम कपॅसिटर शॉर्ट असेल तर एसएमपीएस आनंदाने देत राहील आणि ट्रॅक फटाक्यासारखा जाईल. करंट मर्यादा लावता येणारा सप्लाय हवा, दीड अँपिअरवर ठेवलेला. जुन्या एनमॉस आयसी आहेत, गरम होतात आणि खातातही भरपूर. पण त्यापेक्षा जास्त मागितलं तर काहीतरी बिघडलेलं आहे असं समजायचं.

---

गिरणाकाठ | गुरुवार, रात्री १०:२०

आज जळगावला जाऊन आलो. ईप्रॉम वाचला गेला! दोनदा वाचला, दोन्ही वेळा सारखाच, म्हणजे पुसट झालेला नाही. सुरुवातीचे बाइट असे:

३ई ०० ३२ ०० १९ सी३ ...

बाबांनी चहा पाजला आणि बोर्ड धुऊनही दिला. ट्रॅक सगळे शाबूत आहेत.

---

पुण्यातला_खान्देशी | गुरुवार, रात्री १०:५१

३ई ०० म्हणजे ॲक्युम्युलेटरमध्ये शून्य. ३२ ०० १९ म्हणजे ते १९०० या पत्त्यावर ठेव (पत्ता उलटा लिहितात, आधी खालचा बाइट). १९०० म्हणजे चौथ्या दारामागचा ८२७९. त्याला सांगतोय की कसं काम करायचं. मग सी३, उडी. एसडीके-८५ चा मॉनिटर अगदी असाच सुरू होतो. इंटेलने त्याचं पूर्ण लिस्टिंग पुस्तिकेतच छापलं होतं. फाइल पाठव, मी ओळीने लावून बघतो.

---

पुण्यातला_खान्देशी | शनिवार, सकाळी ११:४०

रात्र गेली पण मजा आली.

बराचसा कोड शब्दशः मूळचा. सिंगल स्टेपचा भाग मात्र वेगळा. ८१५५ च्या टायमरला लिहायच्या जागी ८२५३ ला लिहिलंय, मोजायचा आकडाही बदललाय. मॅडमचा अंदाज खरा.

दुसरं म्हणजे '२१००' चा उलगडा. मूळ एसडीके-८५ मध्ये ८१५५ ची रॅम फक्त २५६ बाइट, २००० ते २०एफएफ. मॉनिटर स्वतःच्या कामासाठी त्यातला शेवटचा भाग, २०सी२ पासून २०एफएफ पर्यंत, अडवून ठेवतो. या बोर्डावर रॅम २ के आहे, २७एफएफ पर्यंत. पण मॉनिटरचे ते पत्ते कुणी हलवले नाहीत. त्यामुळे मॉनिटरची ओसरी आता रॅमच्या मध्येच आली आहे. २००० पासून मोठा प्रोग्राम भरत गेलं की २०सी२ ला मॉनिटरच्या अंगावर चढतो आणि किट वेडं होतं. म्हणून मोठे प्रोग्राम २१०० पासून भरायचे. कुणीतरी हे ऑइलपेंटने लिहून ठेवलं.

---

निवृत्त_मायक्रो | शनिवार, दुपारी १२:१५

वा! डेड स्टॉक रजिस्टर नव्हतं तर. लॅब असिस्टंट मंडळी असं लिहून ठेवायची, कारण दर बॅचला तोच प्रश्न आणि तेच उत्तर. छोट्या प्रोग्रामला २००० चालतंच, म्हणून बोर्डावर बंदी न लिहिता फक्त आकडा लिहिला.

---

पुण्यातला_खान्देशी | शनिवार, दुपारी १२:३०

आणि एक. मूळ किट रिसेट केलं की डिस्प्लेवर '-८० ८५' येतं. इथे तो मजकूर बदललाय. काय येणार ते मला कळलंय, पण सांगत नाही. गिरणाकाठ, वीज दे.

एवढं सांगतो. डिस्प्लेवर कोणता आकार कसा काढायचा याचा एक तक्ता मॉनिटरमध्ये असतो. मूळ तक्त्यात आकडे, ए ते एफ आणि वर एच, एल, पी, आय, आर एवढीच अक्षरं. रजिस्टरांची नावं आणि चुकीचा संदेश दाखवायला तेवढी पुरतात. या ईप्रॉममध्ये शेवटी एक जास्तीचा बाइट आहे, ई३. शून्याचा कोड एफ३. एकचा ६०, सातचा ७०, म्हणजे वरच्या आडव्या दांडीचे १०. एफ३ मधून १० काढा. वरची दांडी नसलेलं शून्य कसं दिसतं?

---

तापीपार | शनिवार, दुपारी १२:३८

यू.

---

गिरणाकाठ | रविवार, दुपारी १:०५

सोल्डरबाबांनी सप्लाय दिला होता. आधी ८०८५ काढून सॉकेटच्या ४० आणि २० मध्ये ५ व्होल्ट येतात का ते पाहिलं. मग तो परत बसवला, रिसेट दाबलं.

चार डिस्प्लेवर डी, एच, यू, एल. सुट्या दोनांतल्या पहिल्यावर ई.

धुले.

---

अमळनेरी | रविवार, दुपारी १:०९

आयला!

---

केळीवाला_रावेर | रविवार, दुपारी १:२०

धुळ्याचं नाव आणि जळगावचं नाही? निषेध.

---

पुण्यातला_खान्देशी | रविवार, दुपारी १:२६

इंग्रजीत जळगाव लिहायला सात अक्षरं लागतात, खिडक्या सहा. भुसावळला आठ. नंदुरबारने तर विचारच सोडावा. अमळनेरमध्ये एम येतो, सात दांड्यांत एम बसत नाही. धुळ्याची पाचच्या पाच अक्षरं बसतात आणि एक खिडकी उरते. निसर्गाचाच कौल.

---

सोल्डरबाबा | रविवार, दुपारी १:४०

मी पाठीमागून बोर्ड पाहिला होता, तेव्हाच शंका आली होती. सोल्डर हाताचा आहे पण एका हाताचा नाही. डिस्प्लेकडचे टाके सुबक, ८२५५ कडचे थेंब थेंब. नवशिक्यांनी केलेले. कुणीतरी पोरांकडून बोर्ड जुळवून घेतलाय. पीसीबी मात्र पक्का, दोन्ही बाजूंनी ट्रॅक आणि भोकांच्या आत तांबं. तो कारखान्यातून करून आणलेला.

---

निवृत्त_मायक्रो | रविवार, दुपारी २:३०

तसं असेल तर फार छान. लॅबला दहा किटं लागायची आणि पैसे दोनांचे मंजूर व्हायचे. मग एखादे हौशी सर उरलेली आठ अशी उभी करायचे. धुळ्यात हे कुणी केलं ते मला माहीत नाही, पण तिथल्या जुन्या सहकाऱ्यांना फोटो पाठवते.

गिरणाकाठ, आता पहिला प्रोग्राम भरा. सब्स्ट मेम, २०००, नेक्स्ट, मग एकेक बाइट आणि प्रत्येकानंतर नेक्स्ट: ३ई ०५, ०६ ०३, ८०, ३२ ५० २०, सीएफ. ए मध्ये पाच, बी मध्ये तीन, बेरीज, उत्तर २०५० ला. शेवटी बहुतेक जण ७६ म्हणजे हॉल्ट लिहितात, मी सीएफ सांगते. तो आरएसटी १ आहे, प्रोसेसर मॉनिटरकडे परत येतो. मग गो, २०००, एक्झेक. नंतर २०५० उघडून बघा.

मग सीएफच्या जागी ७६ घालून पुन्हा चालवा. डिस्प्लेच्या टोकाला ई येईल आणि तसाच राहील. आता तोंडी परीक्षेतला माझा आवडता प्रश्न: प्रोसेसर हॉल्ट झाला, मग डिस्प्ले कोण पेटवतंय?

---

एंड_सेम | रविवार, दुपारी २:४४

८२७९?

---

निवृत्त_मायक्रो | रविवार, दुपारी २:५०

पास. सहा डिस्प्ले एका वेळी पेटलेले नसतातच, एकेक करून भराभर पेटतात. ८२७९ आपल्या पोटातल्या आठवणीतून ते फिरवत राहतो, प्रोसेसर झोपला तरी. ज्या स्वस्त किटांत ८२७९ नाही, तिथे हे काम प्रोसेसरलाच करावं लागतं. तिथे प्रोग्राम चालू झाला की डिस्प्ले विझतो, किंवा एकच अंक लखलखत राहतो. कुणी अनोळखी किट समोर ठेवलं तर मी नंबर वाचायच्या आधी हॉल्ट करून बघते.

---

गिरणाकाठ | रविवार, दुपारी ३:३५

२०५० ला ०८.

मला कुणी हसू नका, पण बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, आठ हे तर मलाही माहीत होतं.

---

एंड_सेम | रविवार, दुपारी ४:१०

प्रामाणिक प्रश्न. स्वस्तातल्या आर्डुइनो बोर्डावर हे सगळं दोन ओळींत होतं. मग यात बघायचं काय असतं?

---

पुण्यातला_खान्देशी | रविवार, दुपारी ५:०२

तुझ्या दोन ओळींत डिले लिहिलास की किती वेळ गेला ते तू मोजतोस का? इथे मोजता येतो. सी मध्ये एफएफ म्हणजे २५५ घाल (७ टी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके), मग डीसीआर सी, सी मधून एक वजा (४) आणि जेएनझेड, शून्य झालं नसेल तर मागे उडी (उडी मारली तर १०, नाही मारली तर ७). २५५ फेऱ्या गुणिले १४, शेवटच्या फेरीचे ३ कमी, सुरुवातीचे ७ जास्त. ३५७४. भागिले ३.०७२ मेगाहर्ट्झ, १.१६ मिलिसेकंद. कॅलिब्रेट केलेल्या स्कोपवर लाव, तेवढंच येईल. मध्ये कुठलीही लायब्ररी नाही, कॅश नाही, ऑपरेटिंग सिस्टीम नाही.

आणि जुनाट म्हणून हिणवू नको. १९९७ मध्ये मंगळावर फिरलेल्या सोजर्नर गाडीत ८०सी८५ होता, याचाच कमी वीज खाणारा भाऊ.

---

अमळनेरी | रविवार, संध्याकाळी ५:३०

त्या दोन चपट्या कनेक्टरांना आम्ही स्टेपर मोटार लावायचो. ०ए, ०६, ०५, ०९ असं ८२५५ वर, म्हणजे बाहेरच्या वस्तू जोडायच्या आयसीवर, पाठवत राहायचं, मोटार टकटक करत फिरायची. क्रम उलटा केला की उलटी. ट्रॅफिक सिग्नलचं पण एक कार्ड होतं, त्यातला हिरवा एलईडी कायम गेलेला.

---

एंड_सेम | रविवार, संध्याकाळी ५:४८

स्टेपर मोटार माझ्याकडे आहे, जुन्या प्रिंटरची. गिरणाकाठ काका, पुढच्या वेळी जळगावला आलात की सांगाल का? ड्रायव्हरला यूएलएन२००३ आणतो.

---

गिरणाकाठ | रविवार, संध्याकाळी ६:१५

ये की. महिनाअखेर चक्कर आहे, सोल्डरबाबांकडेच बसू.

मॅडम, एक राहिलं. शेजारच्या रिकाम्या सॉकेटात दुसरी २७१६ बसेल का? त्यात स्टेपरचा प्रोग्राम कायमचा ठेवता आला तर बरं. आणि तो तीन पिनांचा जंपर कशाचा?

---

निवृत्त_मायक्रो | रविवार, संध्याकाळी ६:४०

जंपर त्याच सॉकेटचा असणार. २७१६ आणि ६११६ यांच्या पिना जवळजवळ सारख्या, फरक मुख्यतः २१ नंबरचा. ईप्रॉममध्ये ती प्रोग्रामिंग व्होल्टेजची, वाचताना तिथे ५ व्होल्ट हवेत. रॅममध्ये तीच लिहायच्या इशाऱ्याची. म्हणजे सॉकेट एक, आणि जंपर ज्या बाजूला असेल त्याप्रमाणे तिथे रॉम किंवा रॅम. मधली पिन सॉकेटच्या २१ ला वाजते का, आणि कडेच्या दोनांतली कोणती ५ व्होल्टला वाजते, ते वीज बंद करून बघा. २७१६ साठी जंपर त्या बाजूला हवा. दुसऱ्या बाजूला राहिला तर प्रोसेसर लिहितो त्या प्रत्येक वेळी ईप्रॉमची ती पिन शून्यावर खेचली जाईल. सॉकेटची १८ ही १३८ च्या कोणत्या पायाला जाते तेही पाहून घ्या. १४ ला गेली तर पत्ता ०८००, १० ला गेली तर २८००.

आणि २७१६ प्रोग्राम करायला २५ व्होल्ट लागतात. सोल्डरबाबा, तुमचा यूएसबीवाला तेवढे देतो का?

---

सोल्डरबाबा | रविवार, संध्याकाळी ७:०५

वाचतो फक्त, २५ देत नाही. पण माळ्यावर जुना प्रोग्रामर आहे, पॅरलल पोर्टवाला. त्याला चालवायला पॅरलल पोर्टचा कॉम्प्युटर कुणाकडे आहे का बघा.

---

तापीपार | रविवार, संध्याकाळी ७:११

आहे. विंडोज ९८ सकट. शिरपूरहून आणायचा मात्र तुम्हाला लागेल.